प्लाय म्हणून नाक मुरडू नका: कोकणातल्या हवेत जपानी सेमी-हॉलो गिटार

गेल्या पावसाळ्यात कुडाळहून भाच्याचा फोन आला. "मामा, येन पडलाय. आता नाही घेतली तर कधीच नाही." कॉलेजच्या बँडमध्ये वाजवता वाजवता त्याला जॅझचा नाद लागला, आणि वर्षभर डोक्यात एकच ध्यास आहे: जपानमध्ये बनलेली, जुनी, सेमी-हॉलो गिटार. मग फोन माझ्या बहिणीने घेतला. तिचा प्रश्न सरळ होता. "अरे, आतून पोकळ, चाळीस वर्षं जुनी आणि वर प्लायची. एवढे पैसे कशाचे मोजायचे? आणि आपल्या हवेत टिकणार तरी आहे का ती?"

भाच्याचं येनचं गणित खरं आहे. 2020 मध्ये एक येन साधारण 70 पैशांना पडायचा, तो 2024 च्या मध्यावर 52-53 पैशांपर्यंत उतरला. लाख येनची जी गिटार आधी सत्तर हजारांना पडली असती, ती बावन्न-त्रेपन्न हजारांवर आली. त्यामुळे एरवी ज्यांनी विचारही केला नसता अशी मुलं आता जपानी दुकानांची पानं चाळत बसतात. पण बहिणीचे प्रश्नही खोटे नाहीत. मी वेंगुर्ल्यात राहतो, गिटार शिकवतो, आणि या हवेत वाद्यांचं काय होतं ते हातांनी पाहिलंय. तिच्या प्रश्नांची उत्तरं फोनवर मावणारी नव्हती म्हणून हे लिहितोय.

पोकळ कशासाठी?

नुसती ताणलेली तार छेडून बघा. आवाज जेमतेम येतो, कारण तार बारीक असते, ती हवेला फारसं ढकलू शकत नाही. तीच तार पोकळ पेटीवर बसवली की पेटीचा वरचा पत्रा थरथरतो आणि तो मोठ्या पृष्ठभागाने हवा हलवतो. तंबोऱ्याचा भोपळा हेच काम करतो.

अमेरिकेत 1930 च्या दशकात मोठे बँड आले. दहा-बारा ट्रम्पेट-सॅक्सोफोन एकदम वाजायला लागले की गिटार ऐकूच यायची नाही. 1936 मध्ये गिब्सन कंपनीने ईएस-150 नावाची गिटार काढली. तिला पिकअप होता. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. वर लोखंडी तार हलली की कॉइलमध्ये वीज उमटते, ती ॲम्प्लिफायरला द्यायची. 1939 मध्ये चार्ली ख्रिश्चन ही गिटार घेऊन बेनी गुडमनच्या बँडमध्ये आला आणि सॅक्सोफोनसारख्या सलग तानांची गिटार लोकांनी पहिल्यांदा ऐकली. 1942 मध्ये तो गेला तेव्हा अवघा पंचवीस वर्षांचा होता. आज जॅझ गिटार म्हणून जी भाषा वाजते तिची बाराखडी त्याने लिहिली.

आता आवाज पिकअपमधून येणार असेल तर पेटी पोकळ ठेवायची गरज काय, असं वाटेल. गरज आहे, कारण पेटी तारेला परत काहीतरी देते. पोकळ गिटारीत स्वर पटकन फुलतो आणि पटकन विरतो, सुरुवातीला लाकडाचा हलका "टक्" लागतो. भरीव गिटारीत स्वर लांबतो. जॅझमध्ये चार-पाच सुरांचे कॉर्ड भराभर बदलत असतात. आधीचा कॉर्ड रेंगाळत राहिला तर पुढचा त्यात बुडतो. म्हणून जॅझवाल्यांना स्वर वेळेवर निघून जाणारा लागतो.

मंडपातली कुई

पण पोकळ गिटारीत एक अडचण आहे, आणि ती डबलबारी भजनाला गेलेल्या प्रत्येकाने ऐकली आहे. बुवांनी माईक जरा कर्ण्यासमोर धरला की "कुईऽऽ" होते. माईकने घेतलेला आवाज कर्ण्यातून बाहेर पडतो, तोच परत माईकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होऊन बाहेर येतो. अशी फेरी सुरू झाली की थांबत नाही. याला फीडबॅक म्हणतात.

पोकळ गिटार ॲम्प्लिफायरसमोर धरली की तसंच होतं. ॲम्पचा आवाज गिटारीच्या पत्र्याला हलवतो, पत्रा तारा हलवतो, तारांचा आवाज पिकअप उचलतो आणि ॲम्पला देतो. इथे माईकसारखी कुई होत नाही, खालच्या पट्टीत "घूंऽऽ" असा हुंकार उठतो आणि तो आवरता आवरत नाही.

यावर लेस पॉल या वादकाने 1940 च्या आसपास एक अघोरी उपाय केला. चार इंच बाय चार इंचाचा पाईनचा सरळसोट वासा घेतला, त्यावर नेक (बोटं फिरवायचा लांब दांडा), तारा आणि पिकअप बसवले. वासा हलणार कशाला, म्हणून हुंकार बंद. पण वाजवताना ती वखारीतली फळी दिसायची, म्हणून एका पोकळ गिटारीची पेटी मधोमध कापून तिचे दोन अर्धे दोन बाजूंना चिकटवले. लोक त्या गिटारीला ओंडकाच म्हणायचे.

1958 मध्ये गिब्सनने हीच कल्पना नीट घडवून ईएस-335 नावाने बाजारात आणली. बाहेरून पेटी पोकळ, दोन्ही बाजूंना व्हायोलिनला असतात तशी इंग्रजी "एफ"च्या आकाराची भोकं, जाडी जेमतेम पावणेदोन इंच. पण आत मधोमध, नेकपासून खालच्या टोकापर्यंत, मेपल लाकडाचा एक ठोकळा. त्याला सेंटर ब्लॉक म्हणतात. पिकअप आणि ब्रिज (तारा टेकतात ती घोडी) या ठोकळ्यावर बसतात, म्हणून ते ॲम्पच्या आवाजाने हलत नाहीत. दोन बाजूंची पोकळी मात्र स्वराला तो फुललेला गोलवा देते. अर्धी पोकळ, अर्धी भरीव, म्हणून सेमी-हॉलो.

माझी गिटार एकदा सावंतवाडीत ओळखीच्या सुतारकाकांकडे नेली होती. आयुष्यभर लाकडाची खेळणी केलेला माणूस, गिटार त्यांनी कधी हातात धरलेली नव्हती. त्यांनी ती उचलली, बोटाच्या पेराने आधी कडेला टकटक केलं, मग मधोमध. कडेला भोपळ्यासारखा आवाज, मध्ये पाटासारखा. मला म्हणाले, "ह्या पोकळ नाय रे. मधी तुळई घातलेली आसा." मी त्यांना ठोकळ्याबद्दल काही बोललो नव्हतो. आता मी शिष्यांना पहिल्या दिवशी तेच करायला लावतो: पेराने वाजवून बघ, तुळई कुठे सुरू होते ते कानाला कळू दे.

जॅझ कोकणाला परका नाही

कुणी म्हणेल, वेंगुर्ला-कुडाळला जॅझ कोण ऐकतो? या किनाऱ्याचं आणि या संगीताचं नातं जुनं आहे. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवलं जायचं. तिथून तयार होऊन मुंबईला गेलेल्या वादकांनीच तिथल्या हॉटेलांमधले जॅझ बँड उभे केले. हळदोण्याचा चिक चॉकलेट ट्रम्पेट वाजवायचा. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायचे आणि संगीतरचना लिहून द्यायचे. गिटारीबद्दल बोलायचं तर 1936 साली मुंबईत गोंयकार घरात जन्मलेले आमान्सियो डिसिल्व्हा पुढे इंग्लंडला गेले आणि त्यांनी भारतीय अंगाने जॅझ गिटार वाजवली. कुडाळचा मुलगा हे वाद्य मागतो तेव्हा तो शेजारच्या घरातलीच वस्तू मागतोय असं मला वाटतं.

जपानच का?

जपानच्या मधोमध, डोंगरांनी वेढलेल्या नागानो प्रांतात मात्सुमोतो नावाचं शहर आहे. 1946 मध्ये शिनिची सुझुकी यांनी लहान मुलांना व्हायोलिन शिकवण्याची आपली प्रसिद्ध पद्धत तिथूनच सुरू केली. 1960 मध्ये तिथे फुजिगेन हा गिटारींचा कारखाना निघाला. तिथेच मात्सुमोकु नावाचा दुसरा कारखाना होता आणि त्याचं मूळ मला फार आवडतं: तो 1951 मध्ये शिवणयंत्रांची लाकडी कपाटं करण्यासाठी सुरू झाला.

आपल्याकडे आजीच्या खोलीत असायचं ते शिवणयंत्राचं टेबल आठवा. वर गुळगुळीत चकचकीत पातळ लाकूड, आत थरांवर थर, कडा वळवलेल्या, चाळीस पावसाळे काढूनही कुठे पापुद्रा सुटलेला नाही. लाकडाचे पातळ थर एकमेकांवर चिकटवून, दाबून, हवा तो बाक देणं ही त्या कारखान्याची मूळ विद्या होती. ईएस-335 च्या पेटीला नेमकी हीच विद्या लागते, कारण तीसुद्धा मेपलच्या थरांच्या प्लायचीच असते. मूळ अमेरिकन गिटारच प्लायची आहे, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

सत्तरच्या दशकात जपानी कारखाने अमेरिकन गिटारींच्या हुबेहूब नकला करत. नागोयाच्या होशिनो कंपनीच्या आयबानेझ गिटारी त्यात पुढे होत्या, आणि त्या बहुतांशी फुजिगेनमध्ये बनायच्या. ही कंपनी 1908 मध्ये एका पुस्तकांच्या दुकानाचा संगीत विभाग म्हणून सुरू झाली होती. आयबानेझ हे नाव तिने ज्या स्पॅनिश कारागिराच्या गिटारी आयात केल्या त्याच्या आडनावावरून घेतलं. 1977 च्या जून महिन्यात गिब्सनच्या मालक कंपनीने या गिटारी अमेरिकेत विकणाऱ्या कंपनीवर दावा ठोकला. दावा फक्त हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्या बसतात त्या वरच्या टोकाच्या आकाराबद्दल होता. पुढच्याच वर्षी तडजोड झाली. आज कुठलीही जुनी जपानी गिटार "लॉसूट मॉडेल" म्हणून चढ्या भावात विकतात, तेव्हा हे लक्षात ठेवायचं. त्या शब्दाने गिटारीच्या आवाजाबद्दल काहीही कळत नाही.

दाव्याच्या सुमारास नक्कल सुटली आणि जपानी कारखाने स्वतःचं डोकं लावायला लागले. आयबानेझची एएस मालिका, जॅझ गिटारवादक जॉर्ज बेन्सनसोबत केलेली छोटी पण पूर्ण पोकळ जीबी-10, यामाहाची एसए-2000, आरिया प्रो टूच्या मात्सुमोकुमध्ये बनलेल्या सेमी-हॉलो, सगळ्या त्याच काळातल्या. जॉन स्कोफिल्डसारखा मोठा जॅझ वादक 1981 ची एएस-200 घेऊन उभं आयुष्य वाजवत आला आहे. त्याच्याकडे हवी ती अमेरिकन गिटार घ्यायची ऐपत होती.

(यामाहाचं नाव निघालंच म्हणून: ती कंपनी 1887 मध्ये शाळेतला बिघडलेला ऑर्गन दुरुस्त करण्यातून जन्मली. संगीत नाटकाला ऑर्गनची साथ ऐकत मोठ्या झालेल्यांना हे सांगितलं की बरं वाटतं.)

"पण प्लाय म्हणजे हलकं ना?"

इथे मला थांबून नीट बोलायचंय, कारण इथेच बहुतेक लोक चुकतात आणि मीही चुकलो आहे.

पंधरा-एक वर्षांपूर्वी मी मुंबईच्या एका दुकानातून पूर्ण पोकळ गिटार घेतली. वरचा पत्रा सलग स्प्रूसचा, कोरून काढलेला. दुकानदार म्हणाला, "सॉलिड वूड आहे, नातवंडं वाजवतील." मार्चमध्ये ती गात होती. जुलैमध्ये तारा फ्रेटबोर्डपासून, म्हणजे बोटं दाबतो त्या पट्टीपासून, इतक्या वर आल्या की बोटं दुखायला लागली. वरचा पत्रा दमट हवेने फुगला होता आणि फुगताना त्याने ब्रिजला वर ढकललं होतं. मी ब्रिज खाली केला. डिसेंबरमध्ये पत्रा बसला आणि तारा खडखडायला लागल्या. मी ब्रिज पुन्हा वर घेतला. तिसऱ्या पावसाळ्यात मागची जोड सुटली, फटीत पोस्टकार्ड जाईल एवढी. दुकानाला फोन केला तर उत्तर आलं की हवामानाला आम्ही काय करणार.

हवामानाला कुणी काहीच करू शकत नाही, ते खरं. पण लाकूड निवडता येतं. जुलैत घराचं दार का अडकतं ते आपल्याला माहीत आहे. लाकूड पाणी पितं आणि रुंदीत फुगतं. रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, ते जवळपास फुगतच नाही. म्हणून दार उंचीला तेवढंच राहतं आणि रुंदीला चौकटीत घट्ट बसतं. प्लाय करताना एका थराच्या रेषा उभ्या आणि पुढच्या थराच्या आडव्या ठेवतात. उभ्या रेषांचा थर रुंदीत फुगू पाहतो, पण त्याला चिकटलेला आडव्या रेषांचा थर त्या दिशेला हलत नाही आणि त्याला धरून ठेवतो. दोघं एकमेकांना आवरतात. ज्या आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो तिच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला हे सोन्यासारखं आहे.

आवाजाचं काय? कोरीव सलग पत्र्याचा आवाज जास्त मोकळा, जास्त श्वास घेणारा असतो, हे मी मान्य करतो. बंद खोलीत, ॲम्पशिवाय, फरक लगेच कळतो. पण सेमी-हॉलो ॲम्पवरच वाजते, मधल्या तुळईवर पिकअप बसलेला असतो, आणि कडक प्लायचा पत्रा कमी हलतो म्हणून हुंकारही कमी. प्लाय इथे मुद्दाम निवडलेलं आहे.

तीच गोष्ट रंगाची. जुन्या अमेरिकन गिटारींवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असतं. ते पातळ असतं, सुंदर म्हातारं होतं, त्याची भक्ती करणारे लोक आहेत. पण घामाने ते चिकट होतं आणि रबराच्या स्टँडला लागून खराब होतं. त्या काळातल्या बहुतेक जपानी गिटारींवर पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टरचा जाड थर असतो. जाणकार त्याला नाक मुरडतात, म्हणतात लाकूड गुदमरतं. वेंगुर्ल्याच्या जुलैत मला लाकडाला बाहेरच्या हवेपासून वेगळं ठेवणारा थरच हवा आहे.

म्हणजे बहिणीला जी दोन वैगुण्यं वाटली, प्लाय आणि जाड पॉलिश, त्याच दोन कारणांसाठी ही गिटार आपल्या किनाऱ्याला साजते. एक सावधगिरी मात्र हवी. पेटी प्लायची असली तरी नेक सलग लाकडाचा असतो आणि तो हवेप्रमाणे वाकतो. कित्येक जपानी गिटारींचे नेक दोन-तीन उभ्या पट्ट्या जोडून केलेले असतात, ते जास्त स्थिर राहतात. मागून पाहिलं की जोडाच्या रेषा दिसतात. त्या दिसल्या तर खूश व्हा.

नावावर जाऊ नका

भाचा "आयबानेझ घ्यायची" म्हणतो तेव्हा मी त्याला विचारतो, कुठली? 2002 मध्ये आयबानेझने आर्टकोर नावाची स्वस्त मालिका काढली, ती बहुतांशी चीनमध्ये बनते. ती वाईट नाही, शिकणाऱ्याला मी तीच सांगतो. पण हेडस्टॉकवर तेच नाव असतं, आकार तोच, आणि विकणारा "जपानी कंपनी" म्हणतो, जे खोटंही नाही. कंपनी जपानी असणं आणि गिटार जपानमध्ये बनलेली असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उलटंही घडतं. अमेरिकन नावाच्या काही गिटारी जपानमध्ये बनतात. गामागोरीचा तेरादा हा पोकळ गिटारींचा जाणता कारखाना. ग्रेच या अमेरिकन कंपनीच्या 1989 नंतरच्या वरच्या दर्जाच्या कितीतरी गिटारी तिथल्याच. गिब्सनने 1988 ते 1998 दरम्यान जपानी बाजारासाठी काढलेल्या ऑरव्हिल नावाच्या सेमी-हॉलोही तिथल्याच. त्या बऱ्याचदा नावाजलेल्या मॉडेलपेक्षा कमी भावात मिळतात आणि माझ्या मते त्यात पैसे वसूल आहेत.

आयबानेझच्या बाबतीत एक सोपी खूण आहे. 1975 च्या अखेरीपासून 1986 पर्यंतच्या फुजिगेनच्या गिटारींवर मागे नंबर असतो: आधी एक इंग्रजी अक्षर, मग दोन आकडे, मग पुढचे आकडे. ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर, आणि दोन आकडे म्हणजे साल. एफ 81 असेल तर जून 1981. नंबर नीट वाचता येत नसेल, किंवा फोटोत नेमका तेवढाच भाग कापलेला असेल, तर विचारा. टाळाटाळ झाली तर सोडून द्या. जपानी बाजारासाठीच्या कित्येक गिटारींच्या मॉडेलचा आकडा तिची मूळ किंमत सांगतो. टोकाई या जपानी कंपनीची "80" ऐंशी हजार येनची असायची. दोन सारख्या दिसणाऱ्या गिटारींत कोणती वरच्या दर्जाची, हे त्यावरून लगेच समजतं.

आणखी एक घोळ: सगळ्या पातळ, एफ-होलवाल्या गिटारी सेमी-हॉलो नसतात. गिब्सनचीच ईएस-330 बाहेरून 335 सारखीच दिसते, पण तिच्यात तुळई नाही, ती पूर्ण पोकळ आहे. तिचा आवाज गोड असतो, हुंकारही तेवढाच लवकर उठतो. घरी हळू आवाजात वाजवणार असाल तर ती चालेल. ड्रमच्या शेजारी उभं राहायचं असेल तर तुळईवालीच घ्या.

हातात आली की काय बघायचं

सगळ्यात आधी नेक. गिटार बंदुकीसारखी डोळ्याला लावून ब्रिजच्या बाजूने हेडस्टॉककडे बघा. नेकला किंचित पुढे बाक असणं चांगलं. आतली लोखंडी सळई, ट्रस रॉड, पिळून तो बाक कमी-जास्त करता येतो. पण नेक पिळा घातलेल्या टॉवेलसारखा मुरडलेला असेल तर सळई काही करू शकत नाही. तारांचा मिळून ताण साधारण 50 किलोच्या घरात असतो. सिमेंटची पूर्ण गोणी चाळीस वर्षं एका लाकडी पट्टीने तोलली आहे असं समजा, मग नेक बघायला आपोआप वेळ द्याल.

दुसरं, हेडस्टॉक नेकला जिथे मिळतो ती मागची जागा. तिथे नखाने हळूच ओढा. गिटार पडली की तिथेच तडकते. बारीक आडवी रेघ दिसली, तर ती रंगातली आहे की लाकडातली हे कळेपर्यंत पैसे काढू नका. दुरुस्त केलेली तडक वाजते चांगली, फक्त भाव खूप कमी व्हायला हवा.

तिसरं, आत बघा. दंतवैद्याकडे असतो तसा लांब दांड्याचा छोटा आरसा बाजारात मिळतो. एफ-होलमधून तो आत घालायचा, मोबाईलचा टॉर्च लावायचा. मधल्या ठोकळ्याची बाजू दिसेल. ठोकळा आणि पत्रा यांच्यात फट आहे का, कडांना प्लायचे पापुद्रे सुटलेत का, काळपट बुरशीचे ठिपके आहेत का, ते पाहायचं. मग भोकाला नाक लावायचं. कोरड्या जुन्या लाकडाचा वास वेगळा आणि बंद पेटीत भिजत पडलेल्या वस्तूचा कुबट वास वेगळा, कोकणातल्या माणसाला हा फरक सांगावा लागत नाही.

चौथी गोष्ट विकणारे बोलत नाहीत. सेमी-हॉलोच्या पाठीला बहुधा झाकण नसतं. आतल्या वायर आणि आवाजाच्या बटणांचे पॉट दुरुस्त करायचे तर सगळं एफ-होलमधून बाहेर ओढावं लागतं. प्रत्येक पॉटच्या दांडीला दोरा बांधायचा, पॉट आत सोडायचा, भोकातून काढायचा, डाग द्यायचा आणि मग दोऱ्याने ओढत ओढत पुन्हा आपल्या भोकात आणायचा. पहिल्यांदा केलं तेव्हा माझी एक अख्खी संध्याकाळ गेली होती. म्हणून बटणं फिरवताना खरखर येते का, पिकअप बदलणारा स्विच चालतो का, हे आधीच बघा. खारी हवा हे भाग लवकर खाते. नुसती खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्याने जाते, मेलेला पॉट मात्र त्याने सुधारत नाही.

पिकअप शक्यतो हमबकर असावेत. एका कॉइलच्या पिकअपला घरातल्या विजेची "घुंई" ऐकू येते. 1955 मध्ये सेथ लव्हर यांनी दोन कॉइल उलट-सुलट जोडून ती घुंई आपापसात रद्द करण्याची युक्ती काढली, तोच हमबकर. आपल्याकडच्या जुन्या वायरिंगच्या घरांत त्याची किंमत कळते.

जपानहून मागवायची तर

जपानी दुकानं जुन्या वस्तूंच्या स्थितीबद्दल सहसा काटेकोर लिहितात, प्रत्येक ओरखड्याचा फोटो देतात. तरी एफ-होलमधून आतला फोटो आणि हेडस्टॉकच्या मागचा फोटो मागून घ्याच. सीमाशुल्क हे किंमत, वाहतूक आणि विमा या तिन्हींच्या बेरजेवर लागतं आणि त्यावर आयजीएसटी. वाद्यं दरपत्रकाच्या 92व्या प्रकरणात येतात, त्या दिवशीचा दर बघून पूर्ण हिशेब आधी मांडा. येनमध्ये वाचलेले पैसे इथे बरेचसे परत जातात. विकणारा "कमी किंमत लिहू का?" असं विचारेल. नको म्हणा. तो गुन्हा आहे, आणि वाटेत गिटार मोडली तर विमाही तेवढाच मिळतो.

रोजवुडच्या फ्रेटबोर्डची भीती आता बरीच कमी झाली आहे. वन्य प्रजातींच्या व्यापारावरच्या साइटीस करारात 2017 च्या जानेवारीत सगळे रोजवुड आले आणि गिटारींची अडवाअडवी सुरू झाली. 2019 च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. ब्राझिलियन रोजवुडला मात्र ही सूट नाही. जाहिरातीत तो शब्द दिसला की पुढची गिटार बघा.

सोबत जपानी ॲम्प घेण्याचा मोह टाळा. तिथली वीज 100 व्होल्टची आहे, आपली 230. गिटारीला स्वतःची वीज लागत नाही म्हणून तिला काही फरक पडत नाही, ॲम्प मात्र सरळ लावला तर जळेल.

आणि शक्यतो डिसेंबर ते मार्चमध्ये मागवा. जपानचा हिवाळा कोरडा असतो. तिथून निघालेली गिटार थेट जुलैच्या कोकणात उतरवणं म्हणजे तिच्यावर अन्याय आहे. आली की गिटारीची केस (तिचं खोकं) लगेच उघडू नका, एक दिवस खोलीत तशीच राहू द्या.

पावसाळा काढायचा कसा

गिटारीला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. जुलैत आपल्याकडे ती 85-90 च्या घरात असते. एक साधं आर्द्रतामापक केसमध्ये ठेवा आणि रंग बदलणाऱ्या सिलिका जेलची पुडी सोबत. रंग बदलला की मणी तव्यावर मंद आचेवर सुकवून परत वापरता येतात. केस बाहेरच्या भिंतीला टेकवून किंवा जमिनीवर ठेवू नका, जांभ्याची भिंत पाणी ओढते. रोज वाजवली तर उत्तमच, कारण हवा लागलेल्या गिटारीला बुरशी धरत नाही. वाजवून झाली की सुक्या पंचाने तारा पुसा, खालूनसुद्धा.

तारा फ्लॅटवाउंड लावा. त्यांच्यावर गोल तारेऐवजी चपटी पट्टी गुंडाळलेली असते, त्यामुळे बोटांची चरचर येत नाही, आवाज मऊ होतो, आणि घाम-मीठ साचायला खाचा कमी म्हणून त्या इथे जास्त टिकतात. महाग आहेत, पण साध्या तारा पावसाळ्यात महिन्यात तांबरतात.

हे सगळं ऐकून बहिणीने एवढंच विचारलं, "मग घ्यायची का नाही?" भाच्याने दोन निवडल्यात. एक 1982 ची एएस, सोनेरी मुलामा झिजलेली पण नेक सरळ. दुसरी एक ऑरव्हिल, जरा स्वस्त, फोटोत नवीकोरी दिसते. मी ऑरव्हिलकडे झुकलो होतो, पण तिच्या हेडस्टॉकचा मागचा फोटो विकणाऱ्याने अजून दिलेला नाही. पहिल्या दुकानाने न मागता एफ-होलच्या आतला फोटो पाठवला. त्यात ठोकळ्याची कड स्वच्छ आहे, कुठे फट नाही, आणि कोपऱ्यात जुन्या पेन्सिलीने कुणीतरी काढलेली एक बारीक खूण आहे. भाच्याने तो फोटो आजीला दाखवायला म्हणून मोठा करून घेतलाय. येत्या सोमवारपर्यंत दुसऱ्याचं उत्तर आलं नाही तर एएसचे पैसे भरायचे, असं ठरलंय.